पलसाण्याहून पंचवीस मिनिटं

माझ्याकडे आली तेव्हा ती गाडी बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. साडेतीनशे सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. उधन्यातल्या एका गॅरेजमागे ताडपत्रीखाली पडून होती. एक आरसा गायब, सीटचा फोम उंदरांनी कुरतडलेला, टाकीवर गंज. मिस्तरी म्हणाला, "भाई, चलानी है तो सोच के चलाना. भागती बहुत है, रुकती नहीं." त्याचं म्हणणं अगदी शब्दशः खरं होतं. पुढचा ब्रेक नावापुरता होता आणि मागचा त्याहून थोडा बरा.

मला वेगाचं वेड वगैरे काही नव्हतं. तेवीस वर्षांचा होतो, आई जाऊन आठ महिने झाले होते आणि मला रडू आलं नव्हतं. दहाव्यालाही नाही, तेराव्यालाही नाही. गावाकडून आलेले नातेवाईक म्हणाले, पोरगा घट्ट आहे. घट्ट कसला! आत काही हलतच नव्हतं. भाजी तिखट आहे की अळणी हेही मला सांगता यायचं नाही. उधन्याच्या खोलीत आता आम्ही दोघंच, मी आणि वडील. मी त्यांना आप्पा म्हणायचो. समोरच्या काकूंकडून डबा यायचा, आम्ही तो समोरासमोर बसून खायचो आणि भांडी घासून ठेवायचो.

आप्पा पलसाण्याला हायवेलगतच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, डाइंग मास्टर होते. धुळ्याकडून आलेला, आठवीपर्यंत शिकलेला माणूस, पण त्यांचा डोळा असा होता की लॅबमधली शिकलेली पोरं यंत्रावर मोजून झालं तरी शेवटी त्यांच्यापुढे कापड धरायची. आप्पा कापड दोन बोटांत धरून दाराच्या उजेडात न्यायचे, एकदा इकडून, एकदा तिकडून बघायचे आणि म्हणायचे, "निळा अर्धा चिमूट." तेवढंच. तो डोळा हीच त्यांची इस्टेट होती. आई असताना ती म्हणायची, यांना घरातलं काही दिसत नाही, फक्त रंग दिसतो.

मी त्याच कारखान्यात डिस्पॅचला होतो आणि आप्पांचे नमुने रिंग रोडच्या मार्केटमध्ये, ज्याचं कापड रंगवायला यायचं त्या शेठकडे नेणं माझ्याकडे होतं. त्याची एक पद्धत होती. रंग वाढवता येतो, काढता येत नाही. म्हणून पहिला नमुना मुद्दाम किंचित फिका ठेवायचा. लॉट, म्हणजे त्या रंगाचं सगळं कापड, मशीनमध्ये तसाच धरून ठेवायचा, हातभर कापड कापून शेठला दाखवायला पाठवायचं. शेठ चिठ्ठीवर लिहून देणार, थोडं वाढवा. मग आप्पा रंगाचा शेवटचा डोस टाकणार. कापड पिळून, पण ओलंच निघायचं, आणि ते गाडीच्या हँडलला बांधून न्यायचं असा आप्पांचा नियम होता. तासाभराच्या रस्त्यात वाऱ्याने ते आपोआप कोरडं होतं. ओला रंग गडद दिसतो, हे तर धोब्यालाही ठाऊक असतं.

तास लागायचा तो माझ्या आधीच्या माणसाला, त्याच्या स्कूटरवर. मी पहिल्या आठवड्यातच तो पस्तीस मिनिटांवर आणला.

कसा, ते सांगतो. कारखान्याच्या गेटमधून मी हळू निघायचो. कमी वेगात ती गाडी खोकायची, धूर सोडायची, वॉचमन हसायचा. आप्पाही तेवढंच बघायचे. त्यांच्या लेखी ते भंगार होतं. ते कारखान्याच्या बसने येत-जात आणि त्या धुरावर बसणार नाही म्हणत. हायवेला लागलं की मी तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळायचो. क्षणभर काहीच व्हायचं नाही. मग इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांच्या पुढे गेला की तिचा आवाजच बदलायचा, खोकला जाऊन एक सलग किंकाळी सुरू व्हायची आणि सीट मागून ढकलल्यासारखी अंगावर यायची. नव्वद, शंभर, एकशे दहा. डोळ्यांतून पाणी निघायचं ते वाऱ्याने. कडोदऱ्यापर्यंत ट्रकांच्या मधल्या फटी तेवढ्या दिसायच्या. ही फट, मग पुढची फट. त्या वेळात आई गेली आहे हे मला ठाऊक नसायचं. आनंद म्हणावा तर आनंदही नव्हता. छातीत धडधड व्हायची आणि ती धडधड माझी आहे एवढं समजायचं, बस. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट मला जाणवायची आणि त्यासाठी मी काहीही केलं असतं.

वाचलेला वेळ माझा. शेठची चिठ्ठी घेतली की मी लगेच परत जायचो नाही. कामरेजच्या बाजूला जाऊन पुन्हा मूठ पिळायचो आणि ठरलेल्या दोन तासांनी गेटमध्ये खोकत शिरायचो. आप्पांना कधी संशय आला नाही. मशीन तेवढा वेळ थांबायचंच, सगळ्यांना सवय होती.

पुढे पुढे पस्तीस मिनिटंही मला पुरेनात. अडचण कापडाची होती. शंभरच्या वर ते हँडलवर असं फडफडायचं की मनगटाला फटके बसायचे, आणि एकदा तर गाठ सुटून उडालंच. परत फिरून झुडपातून काढावं लागलं. त्यानंतर मी ते घडी करून शर्टाच्या आत, पोटाशी ठेवायला लागलो. आप्पांच्या नजरेआड गेलो की हँडलवरून सोडायचं आणि आत खोचायचं. पोटाला गार लागायचं. उन्हाळा होता, शेठच्या दुकानापर्यंत जिने चढेस्तोवर सुकून जायचं. चाललं तसं दोन महिने.

मग श्रावणातला एक दिवस आला. पाऊस नव्हता पण हवा चिकट होती. जाड क्रेपचा लॉट, वांगी रंग. त्या दिवशी रस्ता मोकळा मिळाला. कडोदऱ्याचा चौक मी न थांबता काढला, पुढे पुणा-कुंभारिया गावांच्या पट्ट्यात एकशे वीसला टेकलो. मिस्तरी म्हणाला होता तिथवर ही जाणार नाही, ती गेली. मार्केटच्या खाली गाडी लावून घड्याळ बघितलं तर पंचवीस मिनिटं. मी एकटाच हसलो. कित्येक महिन्यांनी हसलो होतो म्हणून लक्षात आहे.

शेठ गादीवर फोनवर भांडत होता. मी कापड शर्टातून काढून पुढे केलं. त्याने एका हाताने ते आपल्या मूळ तुकड्याशेजारी धरलं, फोन खांद्याला दाबून चिठ्ठीवर लिहिलं, "पास छे, जवा दे." पहिल्याच फेरीत पास! असं कधी झालं नव्हतं. माझ्या बोटांना कापड दमट लागलं होतं. लागलं होतं, हे मी लपवत नाही. पण मला त्याचं काहीच वाटलं नाही, आणि मी कामरेजकडे निघालो.

आप्पांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मशीनमधून पुन्हा एक तुकडा काढून दारात नेला, बराच वेळ बघत राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिल्या फेरीत!" आणि लॉट उतरवायला सांगितला. शेवटचा डोस टाकला नाही. त्या दिवशी त्यांनी सगळ्या खात्याला चहा पाजला.

वाळल्यावर ते कापड वांगी नव्हतं. फिकं, तांबूस, धुवून विटलेल्या लुगड्यासारखं दिसत होतं. शेठ स्वतः कारखान्यात आला. मालकापुढे म्हणाला, मी घाईत होतो, ठीक आहे, पण मास्टरच्या भरवशावर पास केलं ना? मास्टर तर दिवसभर तेच बघतो. बिघडलेल्या लॉटचं जे करतात तेच केलं, सगळा काळा करून टाकला. तिथे विषय संपला असता. आप्पांनी तो संपू दिला नाही.

घरी आल्यावर डबा तसाच ठेवून ते आमच्या गावाकडच्या बोलीत म्हणाले, "पहिले माले कमी दिसे. चिठ्ठी उनी, आनि तेच बराबर दिसाले लागनं. असा डोया काय कामना?"

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. मला सगळं कळत होतं, वाक्यही तोंडात तयार होतं. पण सांगून काय होणार आणि न सांगून काय होणार, दोन्ही मला सारखंच वाटलं. मी माझी पोळी खाल्ली.

आठवड्याने ते मालकाकडे गेले आणि त्यांनी स्वतःलाच फोल्डिंगला टाकायला सांगितलं. मालकाने एकदाही नको म्हटलं नाही. आप्पा त्यानंतर ताग्यांच्या घड्या मोजत बसू लागले. लॅबमधली पोरं सुरुवातीला कापड घेऊन त्यांच्याकडे यायची, ते हात मागे घ्यायचे, म्हणायचे, नव्या मास्टरला दाखवा. बाजारात टोमॅटो घेताना मला विचारू लागले, हा पिकलाय का रे? उधन्याच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, या वयाला नजर उत्तम आहे. त्याने तर ते आणखीच खचले. "डोया चांगला शेतस सांगस तो. मंग गयं काय?" मग गेलं ते काय, असं मला विचारलं, आणि उत्तराची वाट बघत माझ्याकडे पाहत राहिले.

गाडी मी चालवतच होतो. तेवढ्याच जोरात. फक्त आता काटा कुठेही गेला तरी छातीत काही व्हायचं नाही. एकशे दहाला मी जांभई दिली होती एकदा. तेव्हा मात्र घाबरलो.

दिवाळीच्या सुट्टीत, सकाळी आप्पा दाढी करत असताना, मी एका दमात सांगून टाकलं. "आप्पा, त्या दिनले कापड वल्लं व्हतं. मी शर्टमा खोसेल व्हतं. पंचवीस मिनिटमा पोचनू मी. शेठनी वल्लंच देखं."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. चेहऱ्याच्या एका बाजूला साबण तसाच. मला वाटलं, आता मारतील. मारावं असं मला फार वाटत होतं.

"पंचवीस मिनिट?" ते म्हणाले. "त्या भंगारवर?"

"हा."

"कारखानानी बसले तास लागस."

"माले नही लागत."

 आप्पांनी तोंड पुसलं, पायात चपला घातल्या, भिंतीवरचं घड्याळ बघून मनगटावरचं लावून घेतलं. "चाल, दाखाड. मी मांगे बठस."

आम्ही आधी पलसाण्याला गेलो. कारखान्याच्या बंद गेटसमोर मी गाडी वळवली. आप्पांनी वेळ बघून मोठ्याने सांगितली आणि माझ्या कमरेला हात घातला. हे सोपं होतं. रस्ता रिकामा, सणाचे दिवस, ट्रक कमी. पंचवीस मिनिटांत मार्केट, आणि आप्पांचा डोळा त्यांना परत. तिसरा गिअर टाकून मी मूठ पिळली. काटा पाच हजारांच्या पुढे गेला, किंकाळी सुरू झाली. सत्तर. ऐंशी.

 मागे आप्पांची बोटं माझ्या शर्टात रुतली आणि त्यांनी कपाळ माझ्या पाठीला टेकवलं. मोटारसायकलवर ते आयुष्यात कितीदा बसले असतील? त्यांचं वजन लागतच नव्हतं. आईनंतर ते किती वाळलेत हे मला त्या क्षणी पाठीला कळलं, आणि माझी मूठ सुटली. साठ, पन्नास. कडोदऱ्यानंतर मी पुन्हा पिळली, पुन्हा ती बोटं आवळली, पुन्हा सुटली. मी स्वतःला शिव्या घातल्या. आठ-दहा मिनिटांचाच प्रश्न आहे, डोळे मीट आणि जा. मला नाही जमलं. उरलेला सगळा रस्ता आम्ही चाळीसच्या वेगाने आलो, गाडी खोकत होती.

मार्केट बंद होतं. आप्पा उतरले, गुडघे सरळ केले, केस बसवले आणि मनगट उजेडाकडे केलं. बावन्न मिनिटं झाली होती. त्यांनी ते घड्याळ मलाही दाखवलं.

"देख," ते म्हणाले, "इतलाच टाइम लागस. इतला टाइममा कापड सुकी जास."

मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. असा त्यांनी मी लहान असतानाही ठेवला नसेल. ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुनी माय ऱ्हाती ना, तर तिले सांगतू," ते म्हणाले. "बापसाठे कितलं खोटं बोलना पोऱ्या. खोटंच ना?"

माझ्या डोळ्यांतून पाणी निघालं, वारा नसताना. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"हा आप्पा," मी म्हणालो, "खोटंच."