सहीच्या वरची मोकळी जागा

माझी नोकरी वाचली ती अकरा नंबरच्या खोलीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. ते एकेकाळी इराणचे शिक्षणमंत्री होते. नाव लिहीत नाही, त्यांच्या मुलीला ते आवडणार नाही. उपकार कोणाचे ते आधी सांगावं, काय झालं ते मागाहून, अशी माझ्या आईची पद्धत होती. म्हणून आधी त्यांचं सांगितलं.

मेलबर्नमध्ये डँडेनॉन्ग स्टेशनवरून बसने वीस मिनिटांवर आमचं वृद्धांचं होम आहे. मी तिथे केअरर आहे. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. वसईला आई आजारी पडली तेव्हा मी नववीत शाळा सोडली. इथे नवऱ्याच्या स्टुडंट व्हिसावर आले. त्याचं युनिव्हर्सिटीचं शिक्षण अर्धवट राहिलं, मी मात्र कसंबसं केअररचं सर्टिफिकेट केलं, आणि आता व्हिसासाठी होम मला स्पॉन्सर करतंय. म्हणजे माझी नोकरी गेली तर नवरा, मुलगी आणि मी, तिघांनाही परत जावं लागेल. मुलगी मराठीत विचारलेल्याला इंग्लिशमध्ये उत्तर देते. तिला परत कुठे नेणार?

त्यामुळे कागद समोर आला की मी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचते.

पहिल्या आठवड्यात त्यांचे मोजे चढवत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "किती शिकलीस?"

मी खरं ते सांगितलं.

"मी मंत्री होतो तेव्हा नववीत शाळा सोडणाऱ्या मुलींचा आकडा माझ्या टेबलावर यायचा," ते म्हणाले. "तो आकडा एक दिवस माझे मोजे चढवील असं वाटलं नव्हतं."

मला हसावं की नाही ते कळेना. ते स्वतःच हसले, म्हणून मीही हसले. तेव्हापासून मी त्यांना वजीरसाहेब म्हणू लागले. त्यांच्याकडेही मंत्र्याला वजीरच म्हणतात. ते मला 'दुख्तरम' म्हणायचे, म्हणजे माझी मुलगी.

त्यांची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांत कळली, बहुतेक दाढी करताना. एका लहान गावात ते भूगोलाचे मास्तर होते. मग जिल्ह्याचे शिक्षण अधिकारी, मग खासदार, मग मंत्री. आमच्या शाळेच्या पुस्तकात जहाल आणि मवाळ असे दोन गट होते, तसे त्यांच्याकडेही. हे मवाळ. जहाल म्हणायचे हा फितूर आहे, आणि ज्यांना बदल हवा होता ते म्हणायचे हा भित्रा आहे. "बुद्धिबळात वजीर कुठेही जातो," ते म्हणायचे. "मी नावाचा वजीर, चाल राजाची. एका वेळी एक घर." नको असलेली फाईल आली की ते नाही म्हणत नसत. एक कागद कमी आहे म्हणून परत पाठवत. तो कागद आला की दुसरा कमी पडे. अशा रीतीने त्यांनी बरंच काही होऊ दिलं नाही, असं ते सांगायचे. शेवटी संसदेने अविश्वास दाखवून त्यांना काढलं. मग काही वर्षं घरी बसले, आणि बायको गेल्यावर मुलीकडे मेलबर्नला आले.

आता काय झालं ते.

आमच्याकडे पलंगाशेजारी जमिनीवर सेन्सरची मॅट असते. पेशंटने पाय टाकला की बेल वाजते. सहा नंबरच्या आजींची मॅट तीन दिवस वाजत नव्हती. मी आणि माझ्या शिफ्टमधली, हिंदी बोलणारी फिजीची दीदी, दोघींनी मॅनेजरला तोंडी सांगितलं होतं. "येस, येस, ऑन माय लिस्ट," ती म्हणाली होती. चौथ्या दिवशी दुपारी तीनला, शिफ्ट बदलायच्या वेळी, आजी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधून त्या आमच्याकडे परत आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने आम्हा दोघींचं स्टेटमेंट टाइप करून आणलं. माझ्यात एवढंच होतं की मी तीन वाजता खोलीत गेले, आजी जमिनीवर होत्या, मी मदतीला हाक मारली. सगळं खरं. त्याखाली अर्धं पान कोरं आणि अगदी तळाला पिवळा बाणाचा स्टिकर, सही इथे.

"जस्ट साइन, लव्ह. नो वरीज."

"वाचून देते," मी म्हटलं. मला वाचायला वेळ लागतो हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, चहानंतर दे.

दीदी लॉकरपाशी होती. "अरे बहन, कर दे साइन। इसमें है क्या?" असं म्हणत तिने आपला कागद गुडघ्यावर ठेवून तळाच्या बाणापाशी सहीही केली.

मी चहाची गाडी घेऊन अकरा नंबरला गेले. ते साखरेचा खडा दातांत धरून चहा प्यायचे. माझ्या एप्रनच्या खिशातला कागद त्यांनी मागितला, चष्मा लावून वाचला, आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे काय येणार आहे?"

"काही नाही. कोरं आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते आधी कधी सांगितलं नव्हतं. मंत्री असताना त्यांच्याकडे मास्तरांची एक यादी आली होती. कसल्याशा पत्रावर सह्या केलेले मास्तर, त्यांना काढून टाकायचं होतं. ह्यांनी ती कागद कमी आहे म्हणत कित्येक महिने अडवली. शेवटी तडजोड झाली, अर्धी नावं गाळायची आणि अर्ध्यांवर सही करायची. कोणती अर्धी, हेही ह्यांनीच ठरवलं. ह्यांनी सही केली. शेवटचं नाव आणि सही ह्यांच्यामध्ये चार बोटं जागा राहिली होती. आठवड्याने यादीची प्रत पाहिली तर त्या जागेत आणखी तीन नावं. त्यातलं एक त्यांच्याच जुन्या शाळेतल्या मास्तरांचं, ज्यांच्या घरी हे जेवायला जात.

"ही नावं माझी नाहीत, असं म्हणता येत होतं," ते म्हणाले. "पण मग विचारलं असतं, बाकीची तुझी आहेत का?"

चहा गार झाला होता. मी दुसरा आणू का विचारलं. नको म्हणाले.

"तू काय पाहिलंस, दुख्तरम?"

"मॅट वाजत नव्हती. आम्ही सांगितलं होतं."

"मग ते लिही. त्याला चिकटून सही कर. आणि खाली रेघ मार."

मी पेन काढलं. मॅट हा शब्द लिहायला किती वेळ लागतो? माझ्या डोळ्यांसमोर मॅनेजरचा चेहरा आला, स्पॉन्सरशिपचे कागद तिच्याच कपाटात आहेत हेही आलं. ते वाक्य मी लिहिलं नाही. टाइप केलेल्या शेवटच्या ओळीला चिकटवून सही केली, आणि जेवणाच्या मेनूचं कार्ड पट्टीसारखं धरून कोऱ्या जागेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली. चौथीत बाईंनी सांगितलेलं आठवलं, जुन्या पत्रांच्या शेवटी एक छोटा शिक्का असायचा, इथे पत्र संपलं म्हणून, खाली कोणी काही घुसवू नये म्हणून.

वजीरसाहेबांनी कागद पाहिला. "अर्धं," एवढंच म्हणाले.

दीदी अजून लॉकरपाशीच होती, कागद तिच्या हातातच होता. मी तिच्यासमोरून गेले. तुझ्याही कागदावर रेघ मार, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, चल, बाय, सी यू टुमॉरो.

मॅनेजरने रेघेकडे पाहिलं. "वॉट्स दिस?"

"आमच्याकडे अशीच पद्धत आहे," मी म्हटलं. तिने कागद फाईलमध्ये घातला.

महिन्याने चौकशी झाली. दीदीच्या स्टेटमेंटमध्ये शेवटी एक ओळ होती, साफसफाई करताना मॅट मीच बंद केली होती आणि परत लावायला विसरले. खाली तिची सही. "मैंने ये नहीं बोला," ती म्हणत राहिली. सही तुमची आहे का, असं विचारलं. सही तिचीच होती. मलाही आत बोलावलं आणि विचारलं, आणखी काही सांगायचंय? मी म्हटलं, सगळं कागदावर आहे.

दीदीला कामावरून काढलं. जाताना तिने लॉकरमधली चप्पल प्लास्टिकच्या पिशवीत घातली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तेरा लाइन अच्छा था।" टोमणा होता की कौतुक, मला आजही कळलेलं नाही. मला रडू आलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन डाळीला फोडणी दिली, मुलीचा युनिफॉर्म इस्त्री केला. सगळं हातांनी केलं, मी त्यात नव्हते.

अकरा नंबरला जाऊन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी वाचवलेले मास्तर मला कधी आठवत नाहीत. दुसरे आठवतात." मग म्हणाले, "तुझी एकच आहे. एकीचं अजून निस्तरता येतं."

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांना झटका आला. आता ते बोलत नाहीत. मी मोजे चढवते, डावा पाय आधी, तो जड झालाय. त्यांची मुलगी रविवारी येते आणि मला थँक यू म्हणते. बाकीचं तिला काही माहीत नाही, म्हणजे मोज्यांबद्दलच.

दीदीने वर तक्रार केली आहे. तिच्या वकिलाने मला मेसेज केला होता, काही सांगू शकाल का म्हणून. मी उत्तर दिलेलं नाही. पण ते वाक्य मी लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात, पान भरून, जागा न सोडता: मॅट तीन दिवस वाजत नव्हती, आम्ही दोघींनी सांगितलं होतं, साफसफाई करताना कोणी मॅट बंद केली नव्हती. ते घडी करून पर्समध्ये असतं. बसमध्ये हात लावून पाहते, आहे ना.

वजीरसाहेब, व्हिसाचं पत्र येवो न येवो, एक दिवस मी तो कागद पाठवीन. पाठवण्याआधी तुमच्या पलंगाशी बसून मोठ्याने वाचून दाखवीन, आणि तुमच्या डोळ्यांसमोर शेवटच्या शब्दाला चिकटवून सही करीन. तुमचं माझ्यावर जे आहे ते मी तसंच फेडीन. या वेळी अर्धं नाही.