टाकीत सोडलेला दिवा

भावाची कॉलर मी गिऱ्हाइकासमोर धरली, हे खरं आहे. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा धरीन.

अमरावतीत आमचं वेल्डिंगचं दुकान आहे, दोघा भावांचं. तो मोठा. टिग वेल्डिंगमध्ये त्याच्या हाताले तोड नाही, पण डोकं! ॲल्युमिनियमले करंट वेगळा ठेवा लागते, अन् स्टेनलेस स्टीलचे नखरे त्याहून जास्त. जोडाच्या मागच्या अंगाले हवा लागली की ते काळं पडते. म्हणून बार्शीटाकळीच्या एका डेअरीची दुधाची टाकी जोडताना आमी आत आरगॉन गॅस भरला होता. हा गॅस हवेपेक्षा जड. तो टाकीच्या तळाशी बसून राहते अन् माणसाले श्वास घ्यायले काही उरत नाही.

काम झालं. डेअरीवाल्याले टाकी आतून चकाचक पाहिजे होती, अन् तीही लगेच. मी म्हटलं, झाकण उघडं ठेवून पंखा लावू, घंटाभर थांबा. भाऊ हसला, फडकं घेतलं अन् झाकणातून एक पाय आत टाकला.

"वास तरी येऊन राहिला का तुले? काहून भेवाडून राहिला लोकायले?"

आरगॉनले वास नसतेच, हे मले यानंच शिकवलं होतं. माह्यं टाळकंच सरकलं. कॉलर धरून त्याले मागं ओढलं.

डेअरीतल्या देवापुढचा दिवा उचलला, तारेले बांधला अन् टाकीत सोडला. अर्ध्यावर जात नाही तोच विझला. पेटवून पुन्हा सोडला, पुन्हा विझला.

आमचे बाबा विहिरी खोदायचे. उतरायच्या आधी पेटता कंदील खाली सोडायचे. विझला तर त्या दिवशी कोणी उतरायचं नाही. त्या कंदिलाचा दोर कायम याच मोठ्या लेकाच्या हाती असायचा. अन् हाच आता वास विचारून राहिला होता!

टाकी मी बांबूले फडकं बांधून, बाहेर उभं राहूनच आतून पुसली. घरी जाऊन त्यानं वहिनीपाशी गाऱ्हाणं केलं, लहान असून यानं चारचौघांत माह्यी इज्जत काढली म्हणून. चार दिवस माह्याशी बोलला नाही. जेवताना पाठ करून बसायचा. माफी मीही मागितली नाही.

चौथ्या दिवशी वहिनी मले म्हणाली, तुमीच घ्या ना आता नमतं.

"वहिनी," मी म्हटलं, "पाठ करून का होईना, जेवून तर राहिला ना तो?"

वहिनीनं त्याच्या ताटात अजून एक भाकर वाढली.