काकीची सोमवारची मॅकरोनी

फोन बाबांचा होता. पेडण्याला माझ्या सासरी ते सहसा फोन करत नाहीत. फोनवर बोलणं म्हणजे त्यांना शिक्षाच वाटते. त्या सकाळी घाईघाईने एवढंच म्हणाले, "पलतडीं दादा रडटा. तूं बेगीन यो…" भिंतीपलीकडे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, रडत होते, आणि त्याचा अर्थ बाबांना कळला होता. तरी शेजारचं दार ठोठावायचं सोडून त्यांनी पेडण्याहून मला बोलावलं. माझी प्रेमाकाकी गेली, हे मला असं समजलं. डिचोलीला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. राग मात्र येत होता.

आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहराही आठवत नाही. मला वाढवलं ते काकीने. तिला स्वतःचं मूल नव्हतं. माहेर मुरगावचं, वडील बंदरात कामाला, शेजार सगळा ख्रिस्ती. त्या शेजारणींकडून ती भाजलेली मॅकरोनी शिकून आली होती. त्यांच्या मॅकरोनीत खिमा असायचा. आमच्याकडे सोमवारी शिवराक, म्हणजे मासळी-मटणाचं नाव नाही. मग काकीने खिमा काढून टाकला आणि फरसबी, गाजर, वाटाणे, तांबडा भोपळा घातला. उकडलेली मॅकरोनी, दूध-मैद्याचा दाटसर रस, डब्यातलं चीज किसून, आणि वर शिळ्या उंड्यांचा, म्हणजे कडक गोल पावांचा, चुरा. भोपळा विरघळला की सगळ्याला केशरी रंग चढायचा. घरात भट्टी कुठली असायला! पोदेराचे, म्हणजे आमच्या पाववाल्याचे, दुपारचे पाव काढून झाले की उरलेल्या धगीवर तो आमचा ट्रे आत सरकवायचा. "बाय, चवरीस ना जाल्यार ही कसली मॅकरोनी?" डुकराच्या मांसाच्या त्या तिखट सॉसेजवरून तो दर वेळी चिडवायचा. काकी म्हणायची, "सोमार न्हू आयज? तुजो चवरीस तूंच खा."

हा पदार्थ दर सोमवारी होऊ लागला तो मात्र हौसेपोटी नव्हे. राजभाषेचा वाद पेटला होता ती वर्षं. काका खाणीच्या कचेरीत नोकरीला आणि कोंकणीचे कट्टर. बाबा मराठी शाळेत मास्तर. गंमत अशी की, मराठीसाठी बाबा तावातावाने भांडायचे ते कोंकणीतून, आणि कोंकणीवाले काका रोज आंघोळ झाली की देवापुढे मराठीतून आरती म्हणायचे. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. एका संध्याकाळी शब्दाने शब्द वाढला. काका बाबांना भायल्यांचा, म्हणजे बाहेरच्यांचा, चाकर म्हणाले, बाबांनी त्यांना त्याहून वाईट काही ऐकवलं, आणि तेव्हापासून दोघांचा अबोला सुरू झाला. एक जण लवकर जेवायचा, दुसरा उशिरा. हुमण-भात, म्हणजे माशांची आमटी आणि भात, झाकून ठेवला की कधीही जेवता येतो, त्यामुळे अबोल्याची छान सोय झाली. घरात दोघांच्याही पोटाला अन्न मिळत होतं आणि काकीच्या घशाखाली मात्र घास उतरत नव्हता.

मॅकरोनी तिला तेव्हा सुचली. "थंड जाल्यार फातर जाता तिचो. सगळे एकदम बसात," गार झाली की मॅकरोनीचा दगड होतो म्हणून ती उंबऱ्यातून ओरडायची, आणि गरम ट्रेच्या वासापुढे दोघांचंही काही चालायचं नाही. समोरासमोर बसायचे, ताटात बघून जेवायचे, शब्द नाही. मी मधे. काकी वाढता वाढता दोघांचे चेहरे न्याहाळायची. एकदा बाबांनी न बोलता कोपऱ्यातला खरपूस तुकडा काकांच्या बाजूला सरकवला. मी ते पाहिलं ना, हे भांडी घासताना काकीने माझ्या कानात विचारलं, "पळयलेंय मगे?" तेवढ्यावर तिचा पुढचा आठवडा निघाला.

मग गोवा राज्य झालं. काकांनी आळीत पेढे वाटले. बाबांनी पेढा घेतला नाही आणि खिडकी लावून घेतली. पावसाळा सरल्यावर जेवणाच्या खोलीच्या मधोमध भिंत आली, घरात दोन चुली झाल्या. मी बाबांच्या बाजूला गेले. भात कसा शिजवायचा ते काकी मला विहिरीपाशी उभी राहून शिकवायची. आमची मॅकरोनी इकडे पाठव, असं एकदा मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "अर्द्या ट्रेची म्हाका करूंक येना गो." तिने पुन्हा कधीच मॅकरोनी केली नाही. शेवटची भेटले तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. आवाज अगदी खोल गेलेला. "दोगूय केन्ना तरी एकदम जेवतले गो?" मी 'जेवतले' म्हटलं. तिला ते पटलं नाही, हे तिच्या डोळ्यांत दिसलं.

बाबांनी तिला खांदा दिला. सुतकाचे सगळे दिवस ओसरीवर बसून काढले, पण भावाशी बोलले नाहीत. दिवसकार्य उरकल्यावरच्या सोमवारी मी पेडण्याहून माझा छोटा ओव्हन नेला आणि काकीच्या स्वयंपाकघरात मॅकरोनी केली. बाबांना निरोप दिला. येतील असं वाटलं नव्हतं, आले. दोघं बसले. काकांनी पहिला घास घेतला आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून नेहमीसारखी हाक मारली, "आयकता गो? मीठ हाड."

चीज खारट असतं म्हणून काकी मीठ हात राखून घालायची, आणि काका मीठ आणायला तिला अशी हाक मारायचे… नकळत मीही मीठ तसंच कमी घातलं होतं. मला जागचं उठवेना. बाबा उठले. मिठाचं भांडं घेऊन आले तर काका खाली मान घालून तळहात पुढे करून बसलेले. आमच्याकडे मीठ कोणी कुणाच्या हातात देत नाही, भांडण होतं म्हणतात. बाजूला ठेवायचं, ज्याने त्याने उचलायचं. बाबांनी भांड्याचं झाकण काढलं. मग चिमूटभर मीठ त्यांनी सरळ त्या तळहातावर ठेवलं.

काकांनी वर पाहिलं. "हातांत दिलेंय रे?"

"आतां आनी कितें भांडप, दादा…"

काका मीठ मुठीत धरून कितीतरी वेळ रडत राहिले. जिने याच एका गोष्टीसाठी सगळा जन्म वाट पाहिली, तिला हे दिसू नये, याची मला फार चीड येते. आता सोमवारी दोघं एकत्र जेवतात. बोलणं फारसं नसतं. काका अजून पहिल्या घासाला स्वयंपाकघराकडे बघून तिलाच हाक मारतात, आणि बाबा उठून मीठ आणून देतात.