चित्रकलेच्या तासाला काय काढायचं

चार चित्रकलेचे शिक्षक एकत्र बसले की चहा थंड होतो. गणिताच्या मास्तरांकडे सांगायला निकाल असतो, आमच्याकडे किस्से. सांगताना सगळे हसतात. घरी जायला एसटीत बसलं की मात्र तेच किस्से हसण्यासारखे राहत नाहीत. विजयदुर्गाच्या अलीकडच्या एका हायस्कुलात माझी बरीच वर्षं गेली, त्यातले हे थोडे.

*

आठवीला मी ‘आमचं गाव’ असा विषय दिला. आमच्या वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसतो. तरी जवळपास प्रत्येक कागदावर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी.

सुहास नावाचा एक मुलगा होता, त्याच्या वडलांची होडी आहे. त्याला विचारलं, “तुझो बापूस मासे मारूक खंय जाता?”

“दर्यात.”

“मग ह्या चित्रात दर्या खंय आसा?”

त्याने खिडकीबाहेर बोट केलं. “तो थंय आसा, सर. चित्रात डोंगरच काढूचे असतत.”

“कोणी सांगितलं?”

“पुस्तकात तसाच आसा.”

*

मग एका वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, बैठक लागली. चित्रकलेचे विषय नव्याने ठरवायचे, ते मुलांच्या जगण्याशी जोडलेले हवेत, असं सांगण्यात आलं. मला वाटलं, चला, कुणालातरी सुचलं.

कुडाळकडच्या एका शाळेतल्या राणेबाई आणि मी, दोघांवर काम पडलं. आम्ही सुट्टीत बसून विषय काढले. आंबे पेटीत भरणारे हात. जाळं दुरुस्त करणारा माणूस. काजूच्या बिया फोडणारी आई. नाटकाआधी तोंडाला रंग लावणारा दशावतारी नट. प्रत्येक विषय आम्ही स्वतः काढून बघितला, मगच ठेवला.

शिक्षण खात्याच्या साहेबांनी सगळं नीट वाचलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “छान आहे. पण हे तर मुलं रोजच बघतात. शाळेत काहीतरी नवीन नको का?”

शेवटी ठरलं ते असं: सर्कस, मेट्रो स्टेशन आणि बर्फाचा डोंगर.

राणेबाई म्हणाल्या, “साहेब, आमच्या मुलांनी बर्फ बघितलेला नाही.”

“म्हणूनच तर,” साहेब म्हणाले.

बाहेर पडून आम्ही स्टँडवर आलो. गाडीची वाट बघताना राणेबाई म्हणाल्या, “मी खोटा बोललंय, सर. बर्फ पोरांनी बघलेलो आसा. मासळीबाजारात, बांगड्यांवर घातलेलो.”

पुढे त्यांच्या वर्गात एका मुलीने खरोखरच पांढराशुभ्र डोंगर काढला आणि त्यातून बाहेर आलेली बांगड्यांची तोंडं. बाईंनी पैकीच्या पैकी मार्क दिले. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून विचारलं, “हा विनोद आहे का?” बाई म्हणाल्या, “नाही सर, अभ्यासक्रम आहे.”

*

अभ्यासक्रमात नसलं तरी आपण करू, असं ठरवून मी नववीच्या मुलांना गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, नेलं. मूर्तिकारांनी एकेकाच्या हातात मातीचा गोळा दिला. एरवी तासाला पेंगणारा संदेश नावाचा मुलगा तिथून हलेना. सोंड कशी वळवायची ते त्याला दुसऱ्याच दिवशी जमलं. रोज शाळा सुटली की तो तिथेच जायला लागला. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं, की आपण मुलांना काहीतरी दिलं.

आठवड्याभराने त्याचे वडील शाळेत आले. काजूची बाग असलेला, शांत, मान खाली घालून बोलणारा माणूस. मला वाटलं, आभार मानायला आले.

“सर, रागावू नका,” ते म्हणाले. “त्येका थंय नेव नका.”

“अहो, त्याचा हात चांगला आहे.”

“म्हणानच सांगतंय. ह्या जमला तर तो हंयच रवतलो, शिकान भायर जावचो नाय.”

संदेश नंतर तिथे गेला नाही. माझ्या तासाला तो सांगितलेलं काढायचा, नीट काढायचा आणि कागद देऊन पुन्हा पेंगायचा.

*

गेल्या वर्षी जिल्ह्याचं चित्रप्रदर्शन होतं. विषय शिक्षकांनी निवडायचा होता. मी दिला, ‘गावातलं असं काहीतरी, जे थोड्या वर्षांनी दिसणार नाही’.

मुलांनी कौलं काढली, विहीर काढली, एकाने बैलजोडी काढली. दहावीतली मानसी कागद देऊन गेली, तो बघून मी चक्रावलो. तिने आपली अख्खी वाडी काढली होती. घरं, तुळशी, दोरीवर वाळणारे कपडे, खळ्यात पसरलेल्या बिया, उघडी दारं. एकही गोष्ट जुनी नव्हती, मोडकी नव्हती.

मी तिला बोलावलं. “मानसी, ह्यातला जातला काय गो? सगळा तर काढलंस.”

“सगळा नाय, सर,” ती म्हणाली. “माणसां काढूक नाय.”

मी ते चित्र ओरोसला पाठवलं. महिन्याभराने ते परत आलं. मागे परीक्षकांनी पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती: ‘रंगसंगती उत्तम, परंतु चित्रात माणसे हवी होती.’

मला ते तिला द्यायचं नव्हतं. पण तिने मागितलं. तिने ती ओळ वाचली, चित्र उलटं करून पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाली, “खरा आसा, सर. व्हयी होती.”