जपानी प्रेमाचे खेळ आणि आमचा दादा

अख्ख्या मराठवाड्यात जपानी भाषेत लाजता येणारा एकच माणूस आहे आणि तो माझा मावसभाऊ आहे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, म्हणून आम्ही त्याला दादा म्हणतो. धंद्याने तो गाईड. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या जपानी मंडळींना लेणी दाखवायची, त्यांच्या भाषेत इतिहास सांगायचा, बुद्धमूर्तीपुढे ते हात जोडून उभे राहिले की आपणही त्यांच्या मागे हात जोडायचे, आणि संध्याकाळी शहरात, गारखेड्याला घरी येऊन कोमट पाण्यात पाय सोडून बसायचं, असं त्याचं आयुष्य. जपानी बोलणारे गाईड शहरात आणखीही आहेत. पण त्यांचं जपानी क्लासमधलं. दादाचं जपानी प्रेमातलं, आणि तेसुद्धा शाळकरी प्रेमातलं.

त्याचं असं झालं. दादा नवखा असताना त्याला वाक्य जुळवायला इतका वेळ लागे, की ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत पाहुणे पुढच्या लेण्यात पोचलेले असत. एका वयस्कर जपानी गृहस्थांना त्याची दया आली. मायदेशी परतल्यावर त्यांनी आपल्या मुलीचं जुनं, दोन्ही हातांत मावेल एवढं गेम खेळायचं यंत्र आणि सात-आठ गेम पार्सलने पाठवून दिले. सोबत चिठ्ठी होती : यात माणसं बोलतात आणि बोललेलं खाली लिहूनही येतं, अभ्यासाला बरं पडेल. ते सगळे गेम प्रेमाचे निघाले. दुसऱ्या कुणी हसून बाजूला ठेवले असते. दादाने शंभरपानी वही घेतली, समास आखला आणि अभ्यासाला बसला. नायिका रुसली की यंत्र थांबवायचा, तिचं रुसणं वहीत उतरवायचा, शब्दकोश उघडून अर्थ लावायचा आणि मग तिची समजूत काढायचा. एकेक रुसवा त्याला तीन-तीन दिवस पुरायचा.

भाषा आली, पण ती अशी आली. वेरूळच्या तीन मजली लेण्यात सत्तरीच्या पुढच्या अकरा जपानी बायकांचा गट घेऊन तो गेला होता. वरच्या मजल्यावर चला, तिथल्या मूर्तींची माहिती सांगतो, एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्याला येणाऱ्या वाक्यांमध्ये याच्या जवळचं एकच वाक्य होतं, ते त्याने खाली मान घालून म्हणून टाकलं : "शाळा सुटल्यावर गच्चीवर ये. तुला काहीतरी सांगायचंय." त्या अकराच्या अकरा बायका पदर नसताना तोंडाला पदर लावल्यासारख्या हसल्या. गुडघे दुखतात म्हणून खाली बसलेल्या दोघीसुद्धा उठून जिना चढल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या गावाहून आलेल्या गटाने हाच गाईड हवा म्हणून मागितला, आणि त्याने ते वाक्य पुन्हा म्हणावं अशी खास विनंतीही केली.

तर अशा या दादाच्या लग्नाच्या आड मामा आले. मामा म्हणजे दादाच्या आईचे, माझ्या मावशीचे, थोरले भाऊ. ते क्रांती चौकातल्या एका हॉटेलात रोज चहाला बसत आणि जगाची माहिती तिथून घेत. दादा कसलेसे जपानी बायांचे गेम खेळतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. जपानी म्हटल्यावर आणि बाया म्हटल्यावर त्यांनी पुढचं स्वतःच जुळवलं. ते मनात ठेवतील तर मामा कसले. खुलताबादची एक सोयरीक जवळजवळ ठरली होती, ती मोडली. नंतरची एक तर चहापर्यंतही आली नाही. मावशी ऐन तारुण्यात विधवा झालेली, परकर-झबली शिवून पोरगा वाढवलेला. ती एकाएकी विहारात जायची बंद झाली. "लोक माझ्याकडं बघून बोलत्यात," एवढंच म्हणाली.

शेवटी एका रविवारी सकाळी मामा गारखेड्याला आले. मीही होतो. मामा जयभीम करून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आण तुझं ते यंत्र. माझ्या बहिणीसमोर फोडतो आज."

दादा उठला, यंत्र आणलं, सगळे गेम सतरंजीवर ओळीने मांडले. आणि त्याला दुसरं काही येतच नसल्यामुळे तो आम्हाला लेणी दाखवावीत तसे ते दाखवू लागला. "मामा, एका डोंगरात कोरली म्हणून लेणी सारखी नसतात. हे पहिलं. यात नुसतं वाचायचं, कादंबरी असती तशी, मधी मधी काय बोलायचं ते आपण ठरवायचं. हे दुसरं, यात शाळेची तीन वर्षं असत्यात. अभ्यास नाय केला, व्यायाम नाय केला, नुसतं पोरीमागं फिरलं, तर ती बोलत पण नाय. हे तिसरं, प्रेमानं सुरू होतं आन् मधीच खून पडतो. यात शेती करायची, गाई पाळायच्या, लग्न झालं तर झालं. आन् हे बायकांसाठी केलेलं. यात खेळणारी बाई, आन् तिला पसंत करायला पाच पुरुष."

"पाच?" मावशी पहिल्यांदाच बोलली.

"आन् घाण कुठाय यात?" मामा म्हणाले.

दादा खोटं बोलला असता तर निभावलं असतं. पण तो म्हणाला, "घाण पण असती, मामा. तिकडं लई निघतात तसले. पण ते वेगळे. माझ्याकडं तसला एक पण नाय. तुम्ही स्वतः खेळून बघा."

मामांनी आव्हान घेतलं. दादाने शाळेतला गेम लावला, अर्थ सांगत गेला. मामा एका मुलीला घेऊन मत्स्यालय बघायला गेले. समोर तीन उत्तरं यायची, मामा दर वेळी स्वतःची थोरवी सांगणारं उत्तर निवडायचे. अर्ध्या तासाने ती मुलगी वाकून नमस्कार करून म्हणाली, मला घरी काम आहे, आणि निघून गेली.

"अशी कशी गेली?" मामा खुर्चीतून उठले. "बोलव तिला मागं!"

"येत नाय आता. तिला काय आवडतं ते तुम्ही एकदा पण विचारलं नाय."

मावशी पदरात तोंड घालून हसायला लागली. "भाऊ, वहिनीला तरी कधी विचारलंस का रे, पस्तीस वर्षांत?" यंत्र फुटलं नाही. जाताना दाराशी थांबून त्यांनी दादाला हळूच विचारलं, "ती पुन्हा यायची असली, तर पहिल्यापासून खेळावं लागतं का?" मोडलेल्या सोयरिकी मात्र जुळल्या नाहीत. मामा स्वतः खुलताबादला जाऊन आले, पण त्या मुलीचं दुसरीकडे ठरलं होतं. दादाचं लग्न राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर मावशीने जे केलं ते आमच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. दुपारच्या चहाच्या वेळी ती दादाला म्हणाली, "ते पाच जणांचं लाव." दादा वाचायचा, मराठीत सांगायचा, मावशी सुपारी कातरत निर्णय द्यायची. राजकुमारासारखा दिसणारा तिने पहिल्याच दिवशी बाद केला. "लई गोड बोलतोय. नको." दुसरा श्रीमंत होता, त्याला "आईचं ऐकत नाय" म्हणून काढलं. तिला आवडला तो पुस्तकालयात काम करणारा, समोरच्याच्या चार वाक्यांना एकदा बोलणारा एक किडकिडीत माणूस. मी गेलो की ती मला बातमी द्यायची, "आज छत्री दिली त्यानं मला." दादा गट घेऊन अजिंठ्याला गेला असला तर ती दिवसभर बेचैन असायची. "येकटाच बसला आसंल तिकडं," म्हणायची.

मी एकदा थट्टेने विचारलं, "मावशी, या वयात काय गं हे?" ती सुपारी कातरायची थांबली. "पंधराव्या वर्षी मला उजवलं. मंडपात गेल्यावर नवऱ्याचं तोंड पाह्यलं. माणूस चांगला होता, पर तुला काय पाहिजे, आसं मला कुणी इचारलंच नाय रे कधी. इथं तर तीन-तीन उत्तरं समोर ठेवत्यात आन् माझ्यासाठी थांबत्यात." दादा वहीत काहीतरी लिहीत होता, त्याने मान वर केली नाही.

दोन हिवाळे हे असं चाललं. मग मावशी आजारी पडली आणि पंधरा दिवसांत गेली. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात दादाने यंत्र नेलं होतं, पण तिला डोळे उघडे ठेवणं जड जात होतं. ती म्हणाली, "बरी झाल्यावर."

पुण्यानुमोदनाच्या विधीला नातेवाईक येऊन गेले. त्यानंतर बरेच दिवस मी तो विषय काढला नाही. आता जपानी पाहुण्यांचे फोनच मराठी-हिंदी बोलतात, दादाला कामं कमी झाली आहेत. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा तो घरीच होता. मीच म्हणालो, पुस्तकालयवाल्याचं पुढे काय झालं? दादाने कपाटातून यंत्र काढलं, वायर लावली. पडद्यावर मावशीने जिथे सोडलं होतं तिथलं रेल्वे स्टेशन आलं, बाकावर तो किडकिडीत माणूस बसलेला. त्याच्या बोलण्याच्या सुरुवातीला तीन अक्षरं होती. दादाने त्यांवर बोट ठेवलं.

"खेळणारीचं नाव घालता येतं यात. सुरू करताना मी तिला न विचारता घातलं होतं. मग पहिल्यांदा वाचून दाखवलं तर मला म्हणाली, पुन्हा वाच."

मावशीला मी जन्मभर मावशी म्हणत आलो. मामा तिला बाई म्हणायचे, गल्ली तिला दादाची आई म्हणायची. तिचं नाव घेऊन हाक मारणारं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. दादाने घसा साफ केला आणि त्या बाकावरच्या माणसाच्या आवाजात, अगदी हळू, वाचलं, "सुमन, घाई नाही. पुढची गाडी आली तरी मी इथंच आहे."

खाली तीन उत्तरं आली होती. दादाने ती वाचली नाहीत आणि मीही विचारली नाहीत.