आंब्याच्या खोलीतलं शेवटचं गाणं

अन्याय झाला तो माझ्या दादावर, गेल्या एप्रिलमधल्या शेवटच्या रविवारी, सकाळी बरोब्बर पावणेअकरा वाजता. अन्याय करणारे : आमची सबंध वाडी. जाहीर निषेध!

हातखंब्याजवळच्या आमच्या घरात दादा एकट्याने रॉकचा अल्बम करत होता. गिटार तोच, ड्रम तोच, गाणाराही तोच. हे कळल्यावर शेजारच्या गणूतात्यांनी काळजीने विचारलं होतं, "एकटाच? बाकीच्यांशी भांडलास काय रं?"

स्टुडिओ म्हणजे आमची आंबे पिकवायची खोली. भिंतींना टेकून रचलेला भाताचा पेंढा, त्यामुळे आवाज अजिबात घुमत नाही. (मुंबईतले लोक यासाठी फोम चिकटवतात. चिकटवू देत!) पण त्याच रविवारी आमचे वडील, आप्पा, कलमांवरून आंबे आणून तिथे पेंढ्यात पिकायला आढी लावणार होते. आढी लागली की स्टुडिओ बंद. त्यापुढे पाऊस, आणि पत्र्याखाली पावसात रेकॉर्डिंग कोण करणार? शेवटचं गाणं तर बाकी!

पंखा माइकमध्ये घरघरतो म्हणून बंद. उकाड्याने जीव जातो म्हणून दार उघडं. म्हणजे वाडीने गप्प बसणं आलं. ते काम मी अंगावर घेतलं. महामार्गाच्या धुळीविरुद्ध मी इतकी पत्रकं काढली आहेत की मला झोपेतही उद्गारचिन्हंच दिसतात. घरोघर पत्रक गेलं : "मिक्सर बंद! कुकर बंद! वाडीचा पोरगा इतिहास घडवतोय! कलेसाठी शांतता पाळा!"

माझं पत्रक वाचून आजवर कुणी घराबाहेर पडलेलं नव्हतं. धुळीच्या सभेला जो एकमेव अनोळखी माणूस आला, तो पत्ता विचारायला आला होता! रविवारी मात्र दार उघडते तर काय, अंगणात अख्खी वाडी मांडी घालून बसलेली! बायका ठेवणीतल्या साड्या नेसून!

"तुम्ही सगळे इथे कशाला?" मी ओरडले.

"तूच कळवलंस ना गो बाय?" गणूतात्यांची बायको, म्हणजे आमची काकी, म्हणाली. "मिक्सर बंद, कुकर बंद. मग घरात बसून करायचं काय?"

"असू दे," दादा आतून म्हणाला. "बसतील गप्प."

आणि बसले की! पोरंसुद्धा चिडीचूप. गाणं धुळीवरचंच होतं. दादाने गिटार कडाडून वाजवली, डोळे मिटले आणि गरजला, "ही धूळ खाली बसू दे!" आणि गिटार थांबवली. त्या क्षणभराच्या शांततेसाठी त्याने जिवाचं रान केलं होतं.

आता, आमचे गणूतात्या गावदेवीपुढे गाऱ्हाणं घालतात. ते एक मागणं मोठ्याने मागतात, थांबतात, आणि गाव एका आवाजात दुजोरा देतं. इथेही कुणीतरी मोठ्याने मागणं मागून थांबलेलं. वाडी काय करणार?

"व्हय म्हाराजा!"

दादाचे डोळे खाडकन उघडले, पण हात थांबले नाहीत. "उखडलेला रस्ता उखडणाऱ्याच्या दारात ने!"

"व्हय म्हाराजा!!" तात्यांनी तर हातच जोडले.

माझं डोकं फिरलं. मी दारात उभी राहून किंचाळले, "गप्प बसा! रेकॉर्डिंग चाललंय! अक्कल आहे की नाही?"

"तू गप गो!" काकी डाफरली. "चांगलं देवाचं चाललंय!"

शेवटच्या ओळीला दादाचा गळा अक्षरशः फाटला. तेवढ्यात फाटकात टेम्पोचा हॉर्न, आणि आप्पा. "काढा ती ढोलकी! आंबा उन्हात हाय!" (ढोलकी म्हणजे दादाचा ड्रमसेट!)

"दादा, पटकन दुसरा टेक?" मी रडकुंडीला आले.

त्याने नुसतं गळ्याकडे बोट दाखवलं. आवाज बसला होता. आम्ही माइक, ड्रम, वायरी बाहेर काढल्या, पाठोपाठ आंबे आत गेले.

संध्याकाळी हेडफोन लावून तो बराच वेळ ऐकत बसला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हाच ठेवू."

"एवढ्या गोंधळासकट?"

"गोंधळ कसला? वाडी बघ कशी तालात आहे! मी मुद्दाम बसवलं असतं तरी असं जमलं नसतं. मध्येच कुणीतरी किंचाळतंय तेवढंच बेताल आहे. पण ते कापायला गेलो तर गाणंच तुटतं."

अल्बम पुरा झाला. ते गाणं त्यातलं सगळ्यात भारी आहे, आणि हे मी बहीण म्हणून नाही, कान असलेलं माणूस म्हणून सांगते. तेव्हा उगाच "ऐकू कधीतरी" म्हणू नका! आजच लावा, शेवटपर्यंत ऐका, शेजाऱ्यांनाही ऐकवा. आणि ती शांततेसाठी कोकलणारी बाई कोण, हे कृपा करून मला विचारू नका!