घोंगड्याबाहेरचं टोक

सांगलीला लेकीकडे गेलो की ती मला एकदा तरी सिनेमाला नेतेच. मागच्या खेपेचा सिनेमा कॅमेऱ्यांवरचा होता. शहरभर कॅमेरे, टीव्हीसमोर बसून लोकांवर पाळत ठेवणारी माणसं आणि मधूनमधून मारहाण. मी निवांत शेंगदाणे खात बघत होतो. मध्यंतर व्हायच्या जरा आधी पडद्यावर एका माणसाला जमावानं ओढत आणलं, आणि एकानं मोबाइलमधलं चित्र बघून सांगितलं, हाच तो. मी उठलो आणि अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर आलो.

लेक मागोमाग धावत आली. "आबा, बीपी वाढलं का?"

"काही नाही, घरी चल," म्हणालो. आमच्या गावात काय झालं ते तिला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. पूर्ण मी कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला तोंड हवं ना.

गाव आमचं कराडपासून जवळ, नदीकाठचं, उसाचं. मी फौजेतून सुभेदार होऊन परत आलो. सीमेवरच्या चौकीत वर्षानुवर्षं डोळ्याला दुर्बीण लावून बसलेला माणूस म्हणून गावात माझ्या नजरेचा फार दबदबा. मीही तो मिरवायचो, खोटं कशाला बोला. चौकात कॅमेरा बसवायची टूम माझीच. आम्ही माजी सैनिकांनीच तो बसवला, आणि त्याचं चित्र दिसणारा टीव्ही ग्रामपंचायतीत ठेवला.

दिवाळीनंतर ऊस तुटला की माण तालुक्याकडचा एक मेंढपाळ माझ्या रानात मेंढरं बसवायचा. कळप रानात राहिला की लेंडीखत आपोआप पडतं, त्याच्या मेंढरांना पाला मिळतो. अकरा वर्षं त्याचा हा नेम होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बोलायला कमी, चहाला साखर जास्त. माझ्या नातीला तो खांद्यावर बसवून कळपातून फिरवायचा.

त्या वर्षी एका सकाळी नदीवरच्या मोटारीची तांब्याची केबल कुणीतरी कापून नेली. दुपारपर्यंत सगळा गाव ग्रामपंचायतीत गोळा झाला. कॅमेऱ्याचं चित्र मागं नेलं. पहाटे तांबडं फुटायच्या सुमारास एक माणूस चौकातून जाताना दिसला. तोंड दिसत नव्हतं. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, घोंगड्यात काहीतरी गुंडाळलेलं आणि त्याचं एक टोक बाहेर लोंबत होतं. थोड्या वेळानं तोच माणूस तसाच परत गेला.

"सुभेदार, तुमी सांगा. तुमची नजर."

मी चष्मा पुसला, दोनदा बघितलं. डावा पाय किंचित ओढत चालायची त्याची लकब मी कुठंही ओळखली असती. "हा माझ्या रानातला मेंढपाळ," मी म्हणालो, "आणि ती केबलच दिसतेय." कोणीतरी म्हणालं, हातच्या काकणाला आरसा कशाला. पोरं मोटारसायकलींना किक मारून निघालीसुद्धा.

त्याला चौकात आणलं, त्याच कॅमेऱ्याखाली. मी त्याला बोटही लावलं नाही. फक्त उभा होतो, हात मागं बांधून, कवायतीत विश्राममध्ये उभं राहावं तसा. तो एवढंच ओरडत होता, "आवं, कोकरू व्हतं त्यात! मेलं ते!" त्यावर लोक हसले. कुणीतरी उसाच्या दांडक्यानं त्याच्या उजव्या मनगटावर मारलं, ते मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी कॅमेऱ्याकडे बघितलं.

पोलीस आले, त्याची झडती झाली, केबल मिळाली नाही. महिनाभरात दुसऱ्या तालुक्यात चोरांची टोळी सापडली, आमच्या केबलसकट. तोवर तो कळप घेऊन निघून गेला होता. मी एकटाच ग्रामपंचायतीत जाऊन पहाटेचं ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, "पंधरा दिसांनी पुसून जातं वं सगळं." पण मला बघायची गरजच नव्हती. डोळे मिटले तरी दिसत होतं. ते टोक वाऱ्यानं हलत नव्हतं, ते मधूनच लाथ झाडल्यासारखं उडत होतं. कोकराचा पाय होता तो. फौजेत जायच्या आधी मी स्वतः शेळ्यांमागं हिंडलोय. मला कळायला हवं होतं.

कॅमेरा काढून टाकू म्हणालो तर गाव माझ्यावरच उलटलं. तो आजही तिथंच आहे.

उन्हाळ्यात मी दहिवडीची एसटी धरली. विचारत विचारत त्याच्या वस्तीवर पोहोचलो. तो कडुलिंबाखाली बसला होता. उजवा हात वाकडाच जुळलेला. मला बघून उठला, घोंगडं अंथरलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितला. त्या चहानं माझा जीव नकोसा झाला. त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"त्या दिवशी कोकरू घेऊन कुठं निघाला होतास?" मी विचारलं.

"तुमच्याकडंच की. त्याची आय मेली व्हती. तुमची शेळी नुकती व्यालेली, म्हनलं दूध पाजू. दार बंद दिसलं. झोपमोड कशाला म्हनून माघारी फिरलो. दुपारी मेलं ते, तितंच रानात पुरलं."

चौकातून जाणारा तो रस्ता माझ्या दाराशी जातो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. अख्खं गाव टीव्हीत चोर शोधत होतं आणि तो माझ्याच रानात मेलेलं कोकरू पुरत होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा. चालत जाऊन त्याला विचारायला दहा मिनिटं लागली असती.

"मग चौकात का नाही सांगितलंस, सुभेदाराकडं निघालो होतो म्हणून?"

"तुमच्या दाराचं नाव त्या गर्दीत कशाला घ्यायचं? आन् तुमी हुताच की तितं. म्हनलं, तुमी सांगाल."

मला रडू आलं. साठी ओलांडलेला माणूस मी, त्याच्या बायकोसमोर रडलो. त्याचा वाकडा हात धरला आणि म्हणालो, "चुकलो. औंदा परत ये. रान तुझंच आहे."

"रानाचं काय न्हाई," तो म्हणाला. "पर त्या चौकातनं माजा पाय निघायचा न्हाई."

"मी येतो ना सोबत. वेशीपासून तुझ्या बाजूनं चालतो. बघू कोण काय बोलतं."

त्यानं हात हळूच सोडवून घेतला. आवाजात राग नव्हता, नुसतं खरं ते सांगावं तसं म्हणाला,

"तवाबी तुमी संगंच व्हता की, सुभेदार."